टायरवरची चाबी

गुलाब सोमकुवरचा उजवा पाय गाडीच्या तळाला घट्ट दाबलेला होता. तिथं ब्रेक नव्हता. ब्रेक पलीकडं, त्याच्या पोराच्या पायाखाली होता, आणि पोरगा उतारावरही तो दाबत नव्हता.

"अतुल, वळण आहे."

"दिसलं, बाबा."

"मंग गिअर काहून नाही पाडून राहिला?"

"तुम्ही जराक भायेर पाहा ना. समुद्र पाहा. इतक्या दूर कायले आलो आपुन?"

समुद्र डाव्या हाताला होता. गुलाबनं मान पुरी खांद्यापर्यंत फिरवली, तेव्हा कुठं तो दिसला. निळा, मोठा, आणि रस्त्याच्या इतका जवळ की सुटलेलं चाक सरळ त्यातच जावं. गुलाबनं मान पुन्हा सरळ केली. पाय तसाच दाबलेला ठेवला.

मागच्या सीटवर त्याची बायको मालती आणि सून प्रज्ञा बसल्या होत्या. मालतीनं पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली होती. लोधीखेड्याहून निघालेलं हे कुटुंब नागपुरात विमानात बसलं, चेन्नईला उतरलं, पुन्हा बसलं आणि अंदमानात आलं. अतुल पांढुर्ण्याच्या पोस्टात कारकून. सरकारी नोकराला फिरायची जी सवलत असते, ती त्यानं नऊ वर्षांत पहिल्यांदा घेतली होती. तिसऱ्या दिवशी त्यानं पोर्ट ब्लेअरात भाड्यानं गाडी घेतली. पांढरी, लहानशी, काळ्या पाटीवर पिवळे अंक. भाड्यानं देणाऱ्या माणसानं गाडीभोवती फिरून मोबाईलवर फोटो काढले. कुठं ओरखडा नाही हे अतुलला दाखवलं, मग कागदावर अतुल आणि गुलाब, दोघांच्याही लायसनचे नंबर लिहून घेतले. दुसरा नंबर लिहायला गुलाबनंच लावला होता.

कारण गुलाबचं सगळं त्या एका गोष्टीवर अडलं होतं.

चौतीस वर्षं त्यानं संत्री वाहिली. आधी दुसऱ्याच्या मेटॅडोरवर, मग स्वतःच्या पिकपवर. सौसरच्या बगिच्यातून पांढुर्ण्याच्या मंडीत, मंडीतून नागपूरला. बगिच्याच्या चिखलात भरली गाडी कशी काढायची, घाटात क्लच जळू न देता ट्रकमागं कसं चालायचं, हे त्याला विचारायला पोरं यायची. आणि गेल्या दिवाळीच्या तोंडावर रामाकोन्याजवळ पुलाच्या कठड्यानं त्याच्या पिकपची डावी बाजू पुढून मागपर्यंत सोलून काढली. बावीस कॅरेट संत्री नदीत गेली. गुलाब म्हणाला, ऊन डोळ्यावर आलं. ऊन तेव्हा पाठीमागं होतं. ते कोणाच्या ध्यानात आलं नाही.

खरं असं होतं की वर्षभरापासून त्याच्या डाव्या डोळ्यावर धुकं धरलं होतं. गाडीच्या काचेवर कोणी ओला फडका फिरवावा आणि पुसायचं विसरावं, तसं. त्यानं हे कोणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरला नाही, मालतीलाही नाही. सांगितलं की लायसन गेलं, आणि लायसन गेलं की गुलाब सोमकुवर म्हणजे चौकातल्या बाकड्यावर बसणारा आणखी एक म्हातारा.

अतुलनं पुलावरच्या अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी पिकपची चाबी काढून घेतली होती. आता सौसरचा एक नर्सरीवाला पिकप घ्यायला तयार होता. अंदमानाहून परतलं की चाबी त्याच्या हाती द्यायची, असं अतुलनं ठरवून टाकलं होतं.

वळणावर समोरून बस आली. अतुलनं ब्रेक मारला आणि गाडी आडवी झाली. बसवाला हॉर्न देत, शिवी हासडत गेला.

"थांबव," गुलाब म्हणाला. "थांबव गाडी. मले दे."

"बाबा..."

"ऐक माह्यं. इथून पुढं मी चालवतो. वापस जाईपर्यंत मीच. एक ओरखडा जरी आला, तर पिकप इकून टाक, मी तोंड उघडनार नाही. नाही आला, तर चाबी मले वापस."

अतुल आईकडं पाहू लागला. मालती म्हणाली, "देऊन टाक, बाप्पा. मेलो तर सरळ रस्त्यावर मरू, वळणावर नको."

प्रज्ञा हसली. अतुल नाही हसला. पण बस किती जवळून गेली ते त्याला ठाऊक होतं, आणि ते त्याच्या बापानंही पाहिलं होतं. तो उतरला.

मालती पुढं आली, तिचा गुडघा दुखायचा, पाय लांब करायला जागा हवी होती. गुलाब स्टेअरिंगमागं बसला. सीट मागं घेतली, आरसा सरळ केला, आणि चार महिन्यांनी पहिल्यांदा त्याचा श्वास नीट चालू लागला. गाडी त्यानं अशी उचलली की मालतीच्या हातातल्या बाटलीतलं पाणी हललं नाही. वळणाआधी गिअर, वळणात पाय हलका. डावी बाजू मात्र तो अंदाजानं चालवत होता. प्रत्येक वळणावर जरा उजवीकडं राहायचा, आणि समोरून गाडी आली की चाल एकदम कमी करायचा. एकदा रस्त्याच्या कडेला डावीकडून बकरी आली. ती त्याला दिसलीच नाही. मालती "बकरी!" म्हणाली आणि त्यानं ब्रेक दाबला.

"दिसली होती," तो म्हणाला.

मालतीनं त्याच्याकडं एकदा पाहिलं.

किनारा आला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. झाडाखाली गाड्यांची रांग लागलेली. पाणी खूप लांब गेलेलं. मधे ओली, कडक, चमकणारी वाळू, जशी उन्हाळ्यात कन्हान नदीच्या पात्रात असते. एका बाजूला एक होडी वाळूवर कलंडून पडली होती. वाळूत उतरायला एकच वाट होती: उजवीकडं आडवं पडलेलं प्रचंड झाड, साल गेलेलं, पांढरं. डावीकडं काळा खडक, माणसाच्या गुडघ्याइतका उंच. दोघांच्या मधून एक गाडी जाईल इतकी फट.

"आईले पानी जवळून दाखवतो," गुलाब म्हणाला. "तिचा गुडघा काय इतकं चालनार?"

शहाळी विकणारा माणूस कोयता हातात घेऊन पुढं आला. "गाडी ऊपर लगाओ चाचा! पानी उठता है इधर."

गुलाबनं आभाळाकडं पाहिलं. डोंगराकडं पाहिलं. कुठं ढगाचं चिरगुट नव्हतं. पात्रात गाडी घालायची तर वरच्या अंगाचं आभाळ पाहायचं, हे त्याला बापानं शिकवलं होतं. वर काळं दिसलं तर पंधरा मिनिटांत बाहेर निघायचं. वर कोरडं असलं तर दिवसभर गाडी धुवा, कपडे धुवा, पोरं खेळवा. रामाकोन्याजवळ त्यानं शंभरदा पिकप अशीच पात्रात धुतली होती.

"कन्हानच्या मानसाले पान्याचं सांगून राहिला," तो पुटपुटला. उतरून त्यानं वाळूवर टाच मारली. टाच रुतली नाही. गाडी त्यानं फटीतून आत घातली. पुढं जमीन जराशी खोलगट होती, त्याच्यापलीकडं वाळूचा लांब उंचवटा. उंचवट्यावर गाडी उभी केली, तोंड रस्त्याकडं करून. सवयच तशी. मंडीतही गाडी निघायच्या तोंडानंच लावायची असते. पण त्यामुळं आता परतताना झाड डावीकडं येणार होतं आणि खडक उजवीकडं.

मालतीनं काच खाली केली, सीट मागं पाडली, पाय पसरले. वारा चांगला होता. "जा तुम्ही. मी पडतो जराशी."

"चलता का, बाबा?" प्रज्ञानं विचारलं. "तिकडं टोकाकडं रंगीत दगड दिसून राहिले पान्यात."

गुलाबनं चाबी काढली, उतरला, वाकला, आणि ती पुढच्या उजव्या टायरवर ठेवली.

ही पांढुर्ण्याच्या मंडीची रीत. गाड्या इतक्या दाटीनं लागतात की कोणाची कधी हलवावी लागेल याचा नेम नसतो. म्हणून डायव्हर चहाला गेला तरी चाबी पुढच्या टायरवर. हमाल येतो, चाबी घेतो, गाडी दोन हात सरकवतो, चाबी परत टायरवर. गुलाबच्या खिशात गाडीची चाबी चौतीस वर्षांत कधी राहिलीच नव्हती.

ते तिघं निघाले. गुलाब अर्ध्या वाटेपर्यंत गेला. मग तंबाखूची आठवण झाली, ती गाडीत होती, आणि पोरंही आपापसात बोलत पुढं गेली होती. परतायच्या आधी तो एका दगडावर बसला. खेकडे पाहिले. पाण्याची लहान डबकी होती, त्यात इवले मासे होते. त्याला बरं वाटत होतं. गाडीवर ओरखडा नव्हता. अर्धा रस्ता झाला होता.

मग त्याला ती होडी दिसली.

मघाशी कलंडून पडलेली होडी आता सरळ उभी होती. कोणी सरळ केली? आसपास कोणी नव्हतं. तो पाहत असतानाच ती हलली. डुलली. तिच्याखाली पाणी होतं.

गुलाबनं आभाळाकडं पाहिलं. तिथं अजूनही काहीच नव्हतं.

मग त्यानं गाडीकडं पाहिलं. उंचवटा कोरडा होता. गाडी कोरडी होती. पण गाडी आणि रस्ता यांच्या मधल्या खोलगट जागेत एक चमकणारी रेघ आत सरकत होती. पाणी समोरून येत नव्हतं. पाणी मागून, बाजूनं, गुपचूप आत शिरत होतं. आणि गाडीत मालती झोपली होती.

एकसष्ट वर्षांचा माणूस ओल्या वाळूत कसा पळतो ते पाहण्यासारखं नसतं. चपला गेल्या. एकदा तो तोंडावर पडला. "मालती!" ओरडला, पण वारा त्याच्या तोंडातून शब्द काढून मागं टोकाकडं नेत होता. तिकडं अतुल-प्रज्ञाला ऐकू गेलं, जिला ऐकू जायला हवं तिला नाही.

तो पोचला तेव्हा उंचवट्यावरही पाणी चढलं होतं. चाकं अर्ध्यापर्यंत बुडाली होती. एक लाट आली, गाडीच्या पोटाला लागली आणि गेली. गुलाबनं टायरवर हात टाकला.

चाबी नव्हती.

तो गुडघ्यावर बसला. पाण्यात, चाकाखाली, वाळूत हात फिरवू लागला. वाळू मुठीत यायची आणि निघून जायची. शिंपला आला, काटकी आली. पुढची लाट छातीवर बसली. तोंडात खारं पाणी गेलं.

"काय धुंडून राहिले?"

मालती खिडकीतून डोकं बाहेर काढून पाहत होती. झोपेनं डोळे सुजलेले. मग तिला सगळीकडं पाणी दिसलं. "अजी, हे काय! अजी!"

"चाबी! टायरवरची चाबी वाहून गेली!"

"ते माह्याजवळ आहे."

"आँ?"

"तुम्ही गेले अन् मी उतरून उचलून घेतली. हे काय मंडी आहे का टायरवर ठेवायले? कोनीबी नेली असती."

पदराच्या टोकाला तिनं गाठ मारली होती. मालतीची गाठ म्हणजे मालतीचीच गाठ. तिनं नखं घातली, सुटली नाही. गुलाब आत बसला, त्यानं गाठ दातात धरली. लाट दारावर आपटली, पायाशी पाणी आत आलं.

दुरून अतुलचा आवाज आला. तो झाडांच्या कडेनं, वरच्या बाजूनं धावत येत होता. "बाबा! आईले उतरवा! गाडी राहू द्या!"

गुलाबनं मधल्या खोलगटाकडं पाहिलं. तिथं पाणी मांडीइतकं झालं होतं आणि आडवं ओढत होतं. मालती घराच्या दोन पायऱ्या बाजूचा कठडा धरून उतरते. या ओढीत ती दहा पावलंही टिकली नसती. आणि खोटं कशाला बोला, त्याच्या मनात त्या क्षणी ओरखडाही येऊन गेला. आला, आणि त्याचीच त्याला किळस आली.

गाठ सुटली. चाबी फिरवली. इंजिन खोकललं, पुन्हा खोकललं, लागलं. पहिला गिअर. पाण्यात पाय उचलायचा नाही, क्लच दाबायचा नाही, थांबायचं नाही. हे त्याला येत होतं. पण पुढं फट होती आणि फटीच्या दोन्ही बाजू आता पाण्याखाली होत्या. उजवीकडच्या खडकावर लाट फुटत होती, तो पांढरा फेस त्याला दिसला. डावीकडं झाड. झाडाचं जाड बूड पाण्यात बुडालेलं. डावीकडं त्याला नुसतं धुकं दिसत होतं, आणि धुक्यात ऊन चकाकत होतं.

पुलावरही असंच दिसलं होतं.

"मालती," तो म्हणाला, "डावं तू सांग."

"काय?"

"डाव्या डोयानं मले दिसत नाही. वरीस झालं. झाड कुठं आहे ते सांग!"

एक क्षण ती त्याच्याकडं पाहत राहिली. एवढाच. मग ती कमरेपर्यंत खिडकीबाहेर गेली. लग्नानंतरची वीस वर्षं मालतीनं बगिच्यात त्याच्या गाडीमागं उभं राहून आवाज दिला होता, झाडाच्या फांद्या वाचवत, कॅरेट वाचवत. तोच आवाज आता निघाला.

"येऊ द्या! येऊ द्या! सरळ... उजवीकडं घ्या. अजून. अजून थोडी! बस! येऊ द्या!"

"खडक आहे इकडं!"

"हातभर जागा आहे माह्याकडं, तुमचं तुम्ही पाहा! येऊ द्या!"

मधेच गाडी हलकी झाली. चाकांखालची वाळू गेली, गाडीचा मागचा भाग आपोआप डावीकडं सरकू लागला. गुलाबनं पाय उचलला नाही. उचलला असता तर तिथंच संपलं असतं. मालती किंचाळली, "झाड! झाड! झाड!" आणि हात बाहेर काढून बुंध्याला असा रेटा दिला, जशी काही बैलाला ढकलत होती. चाकाला काहीतरी कठीण लागलं. चाकांनी जमीन धरली. नाक वर आलं, काचेवरून पाणी खाली उतरलं, आणि गाडी गुरगुरत कोरड्या मातीवर चढून झाडाखाली येऊन बंद पडली.

शहाळीवाला सगळ्यात आधी आला. त्यानं जे ऐकवलं ते ऐकवण्यासारखंच होतं, आणि गुलाबनं ते मान खाली घालून पूर्ण ऐकून घेतलं. मग अतुल आला, पायातनं रक्त येत होतं. मागून प्रज्ञा. तिनं सासूच्या हाताकडं पाहिलं. तळवा साल निघाल्यासारखा सोलला होता. प्रज्ञानं ओढणी फाडून बांधायला घेतली.

अतुल गाडीभोवती फिरला. भाड्यानं गाडी देणारा माणूस फिरला होता तसाच. डावी बाजू त्यानं वाकून पाहिली, बोटं फिरवून पाहिली. मग दुसऱ्यांदा फिरला.

"ओरखडा नाही," तो म्हणाला. आवाजात राग होता, पण त्याहून जास्त नवल होतं. "बाबा, इतक्या पान्यातून कशी काढली तुम्ही? मी नसतो काढू शकलो. माह्या बापानं बी..." तो थांबला. "ठीक आहे. बोललो ते बोललो. नर्सरीवाल्याले नाही म्हनून सांगतो."

गुलाब बसला होता तिथंच, दार उघडं, पाय बाहेर, धोतरातून पाणी गळत होतं. जिंकला होता. फक्त गप्प राहायचं होतं. त्यानं मालतीकडं पाहिलं. मालती त्याच्याकडं पाहत नव्हती. ती आपल्या हाताच्या पट्टीकडं पाहत होती. तिनं सांगितलं नसतं. हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि तेच त्याला सोसेना.

"मी नाही काढली," तो म्हणाला.

"काय?"

"तुह्या मायनं काढली. मले डावीकडचं दिसत नाही. त्या पुलावर बी दिसलं नव्हतं. ऊन-बिन काही नव्हतं."

लाट खडकावर फुटत राहिली. उंचवटा, जिथं गाडी उभी होती, तो आता कुठं होता हेसुद्धा कळत नव्हतं.

अतुलचं तोंड उघडलं. त्याला बरंच बोलायचं होतं, ते दिसत होतं. पण मालतीनं वाकून इग्निशनमधली चाबी काढून घेतली आणि दातानं पदराला गाठ मारली.

"बोलून घेजो नागपूरला," ती म्हणाली. "आधी डोयाच्या डॉक्टरकडं. मोतीबिंदू असला तर काढून टाकू, मंग पिकपचं पाहू. दुसरं काही निघालं तर पिकप मी सोता नेऊन देतो नर्सरीवाल्याले. तवरीक चाबी माह्याजवळ. ही बी, ते बी."

"आई, ही तर दे. वापस कसं जायचं?"

"देतो. आधी दोघं बी गाडी गोड्या पान्यानं धुवा. खालून बी. मीठ लोखंड खाते म्हने."

शहाळीवाल्याकडं हातपंप होता. तो अजून रागात होता, पण त्यानं बादली दिली. अतुल डावी बाजू धुऊ लागला, गुलाब उजवी. मग गाडीच्या पलीकडून अतुल म्हणाला, "किती दिसते?"

"हात हलवला तर हात दिसते. बोटं नाही मोजता येत."

"अन् मले मघा गिअर पाड म्हनत होते."

"ते तर उजव्या डोयानं बी दिसून राहिलं होतं," गुलाब म्हणाला, आणि बादली भरायला गेला.